दीड अंड्याचा पेला

सरकारी कारकुनाला दुसरे काही येवो न येवो, एक विद्या त्याला येतेच. एका रकान्यातला आकडा उचलून तो दुसऱ्या रकान्यात नेऊन बसवणे ही ती विद्या. हजारांचे लाख करावेत, एकरांचे हेक्टर करावेत आणि खाली ‘विचारार्थ सादर’ असे लिहून मोकळे व्हावे. या विद्येचा घरात काही उपयोग होतो असा आमचा अनुभव मात्र नव्हता. सौ.चे सारे स्वयंपाकघर एका वाटीवर चालते. ती वाटी तिच्या आईने दिलेली. तिच्यात किती मिलिलिटर मावतात हे तिला ठाऊक नाही आणि ठाऊक करून घेण्याची तिची इच्छाही नाही. त्यामुळे होळीनंतर आठ-दहा दिवसांनी शेजारच्या आजींनी आम्हांला हाक मारून, “अरे, तू हिशेबातला माणूस ना? मग मला एवढं सांग, एक रेविईत म्हणजे आपले किती चमचे?” असे विचारले, तेव्हा आम्हांला आनंद झाला तो एवढ्याचसाठी की, अखेर कोणाला तरी आमच्या विद्येची गरज भासली. रेविईत म्हणजे काय, हे विचारण्याचे भान त्यानंतर आले.

आजी मूळच्या रेवदंड्याच्या. दिल्लीत त्या लेकीकडे राहतात. लेक आमच्यासारखीच केंद्र सरकारात, पण आमच्याहून दोन पायऱ्या वर. आम्ही त्यांना ताई म्हणतो. जिन्यात पहिल्यांदा गाठ पडली तेव्हा कानावर कोकणच्या वळणाचे मराठी आले, आडनाव विचारले तर ते ‘कर’ने संपणारे निघाले, आणि परमुलखात एवढी ओळख पुरेशी वाटून आम्ही पुढचे काही विचारलेच नाही. हे कुटुंब बेने इस्राएल आहे हे कळायला आम्हांला सहा महिने लागले. तेही शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्याकडे दिवे लागलेले पाहून सौ.ने विचारले म्हणून. कुलाबा जिल्ह्यात या मंडळींना पूर्वी ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण धंदा तेल गाळण्याचा आणि शनिवारी घाणा बंद. १९४८ नंतर त्यांतील बरेचजण इस्राएलला गेले. आजींचा मुलगाही तिकडेच असतो.

प्रश्न उद्भवला होता तो वल्हांडणाच्या सणामुळे. मिसर देशाच्या दास्यातून सुटका झाल्याचा हा सण चैत्री पौर्णिमेच्या सुमारास येतो. कोकणात बेने इस्राएल लोक त्याला एके काळी ‘अनशी ढाकाचा सण’ म्हणत. आंबवलेल्या आंबट पदार्थाचे मडके या दिवसांत झाकून ठेवायचे, म्हणून ते नाव. सणाच्या रात्री सुटकेची कथा वाचताना प्रत्येकाने द्राक्षरसाचे चार पेले प्यावयाचे असतात. कोकणात द्राक्षाची दारू कोठून मिळणार? तेव्हा काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून त्यांचे सरबत करण्याची रीत पडली. आजी अजूनही तेच करतात. पेला केवढा असावा याचा मात्र नियम आहे. त्यात निदान एक रेविईत रस मावला पाहिजे.

आता यात अडचण अशी की, गेल्या पावसाळ्यात आजींच्या पायांवर सूज आली. हृदयाचे काम मंदावले आहे असे निदान झाले आणि डॉक्टरांनी त्यांच्या पाण्यावर नियंत्रण घातले. पाणी, चहा, ताक, आमटी, जे काही वाहते ते सगळे मिळून दिवसाला १२०० मिलिलिटर, त्यापेक्षा एक थेंब अधिक नाही. ताईंनी खुणांचा एक पेला आणला, शीतकपाटाच्या दारावर कागद चिकटवला आणि प्रत्येक घोटाची नोंद सुरू झाली. ज्या बाईने जन्मभर सगळ्या घराला चहा पाजला, तिला स्वतःचा चहा खुणेवर मोजून पिण्याची पाळी आली. त्यावर त्या कधी बोलत नाहीत, पण त्या खुणांच्या पेल्याला ‘जप्तीचा पेला’ म्हणतात.

त्यात मुलाने तिकडून एक तक्ता धाडला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते की, पेला निदान १५० मिलिलिटरचा हवा; लहान पेला चालणार नाही.

“सासूबाईंचा चांदीचा पेला लहान पडतो म्हणतो,” आजी म्हणाल्या. “रेवदंड्याला त्यांनी पन्नास वर्षं त्याच पेल्यानं सण केला. मग त्यांचा सण झाला, की नाही झाला?”

ताई म्हणाल्या, “आई, चार पेले दीडशेचे म्हणजे सहाशे. अर्ध्या दिवसाचं पाणी एका तासात जाईल. डॉक्टर मला रागावतील.”

एका बाजूला मुलगा व धर्म, दुसऱ्या बाजूला मुलगी व वैद्यक, आणि मध्ये सासूबाईंचा पेला. प्रकरण आमच्याकडे आले ते असे. त्यापुढचे दोन-तीन शनिवार आम्ही ग्रंथालयात काढले.

कोष्टक शिकायला कठीण नाही. चार रेविईतींचा एक लोग, चार लोगांचा एक काव, तीन कावांचा एक हिन, दोन हिनांचा एक सेआ, तीन सेआंचा एक बथ आणि दहा बथांचा एक कोर. बायबलचे मराठी भाषांतर ज्यांनी चाळले असेल त्यांना लोग, हिन, बथ हे शब्द आठवतील. कुष्ठातून बऱ्या झालेल्या माणसाच्या शुद्धीसाठी लोगभर तेल लागे. अभिषेकाच्या सुगंधी तेलात हिनभर जैतुनाचे तेल पडे. निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, पायली ही उतरंड ज्याने आजीच्या मांडीवर बसून पाठ केली त्याला हे काही परके वाटत नाही. परंतु उतरंड पाठ झाली तरी तिच्या तळाशी काय आहे हा प्रश्न उरतोच. निळवे म्हणजे किती हे कोणाला सांगता येत नसे. ते घरात असे. इब्री मापांच्या तळाशी काय असेल अशी आमची वाचकांस कल्पना? कोंबडीचे अंडे! सहा अंड्यांचा एक लोग. म्हणजे रेविईत ही दीड अंड्याची.

आमच्यातला कारकून येथे सुखावला. कोष्टकाला पाया मिळाला की पुढे गुणाकारच उरतो. आम्ही त्याच दिवशी बाजारातून एक पांढरे, कुक्कुटपालनातले अंडे आणि एक गावठी अंडे घेतले, आजींकडे गेलो आणि जप्तीच्या पेल्यात पाणी घालून एकेक अंडे बुडवले. पांढऱ्या अंड्याने ५२ मिलिलिटर पाणी सारले, गावठीने ४०. दोहोंची सरासरी ४६, त्याची दीडपट ६९. मग सासूबाईंचा पेला काठोकाठ भरून तो खुणांच्या पेल्यात ओतला. शंभराच्या खुणेला जरा कमी भरला; आम्ही ९८ धरले. आजी आमच्याकडे आणि आम्ही त्यांच्याकडे पाहिले. पेला खरा होता! अंड्यांच्या हिशेबाने तर ऐसपैस होता.

आपण केवढा शोध लावला असे आम्हांला वाटले. पण आमच्या आधी कोणी तरी हेच करून बसले आहे हे पुढच्याच शनिवारी कळले. इसवी सनाच्या २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नेत हा प्रश्न आहे. अंडे, पण कोणते अंडे? लहानही नव्हे, मोठेही नव्हे, मध्यम, असे उत्तर दिले आहे. त्यावर यहूदा नावाचे आचार्य म्हणतात की, मोठ्यांतले मोठे व लहानांतले लहान अशी दोन अंडी आणून पाण्यात बुडवावीत आणि सारलेले पाणी निम्मे करावे. आमचाच प्रयोग, अठराशे वर्षांपूर्वीचा. पण लगेच योसे नावाचे दुसरे आचार्य विचारतात की, जगातले सर्वांत मोठे अंडे कोणते आणि सर्वांत लहान कोणते हे मला सांगणार कोण? तेव्हा हे सारे पाहणाऱ्याच्या अंदाजावर सोडलेले बरे. हे वाचून आम्ही पुस्तक मिटले आणि काही वेळ खिडकीबाहेर पाहत बसलो. आमच्या कार्यालयात असा शेरा मारण्याची कोणाची छाती होईल?

तरीही मग दीडशे मिलिलिटर आले कोठून? मुलाचा तक्ता काही हवेतून आला नव्हता. याचे उत्तर प्राग शहरात सापडले. त्याच रेविईतीचे दुसरेही एक माप सांगितलेले आहे: दोन बोटे लांब, दोन बोटे रुंद आणि दोन पूर्णांक सात दशांश बोटे खोल अशा खळग्यात मावेल तेवढे. बोट म्हणजे अंगठ्याची रुंदी. अठराव्या शतकात प्रागचे थोर धर्मपंडित यहेज्केल लांडाऊ यांनी अंड्याचे माप आणि अंगठ्याचे माप एकमेकांशी ताडून पाहिले. ते जुळेना. अंगठ्याने मोजलेले माप अंड्याने मोजलेल्याच्या जवळजवळ दुप्पट भरले. तेव्हा एक तर माणसांचे अंगठे वाढले असले पाहिजेत किंवा अंडी आक्रसली असली पाहिजेत. पिढ्या तर उत्तरोत्तर क्षीण होत जातात, त्या अर्थी अंगठे वाढणे शक्य नाही. म्हणून आजचे अंडे पूर्वीच्या अंड्याच्या निम्मे उरले आहे, असा निर्णय त्यांनी दिला.

आजींना हे सांगितले तेव्हा त्या इतक्या हसल्या की ताई आतून धावत आल्या. “त्यांनी कोंबड्यांवर ढकललं होय रे सगळं?” म्हणाल्या. आम्हीही हसलो, पण घरी येऊन पांढऱ्या अंड्याच्या ५२ ची दुप्पट केली आणि तिची दीडपट केली तर १५६ आले, तेव्हा हसू ओसरले. मुलाच्या तक्त्यातले दीडशे या घराण्यातले होते.

विसाव्या शतकात हा वाद मिलिलिटरांत आला. जेरुसलेमचे अव्राहाम हाइम नाए यांनी १९४७ साली मापांवर ग्रंथ लिहिला. मध्ययुगात इजिप्तमध्ये राहणाऱ्या मायमोनिदीस या महापंडिताने रेविईतभर पाण्याचे वजन सुमारे २७ दिरहम सांगितले होते. नाए यांनी तुर्की दिरहम ३.२ ग्रॅमचा धरून ८६.४ ग्रॅम, म्हणजे तेवढेच मिलिलिटर, असे गणित मांडले. अंगठा दोन सेंटिमीटरचा धरला तर खळग्याचेही बरोबर ८६.४ घन सेंटिमीटर होतात. उलट ‘हाझोन ईश’ या नावाने ओळखले जाणारे बने ब्राकचे पंडित थोरल्या मापाच्या बाजूचे. अंगठा २.४ सेंटिमीटरचा धरा म्हणजे रेविईत १४९ च्या वर जाते. अंगठ्याच्या रुंदीत अवघ्या चार मिलिमीटरांचा फरक, पण तिन्ही बाजूंनी गुणला गेल्यामुळे पेला पावणेदोन पट होतो. थोरल्या मापाचे पंडित १९५३ मध्ये निवर्तले, धाकट्या मापाचे १९५४ मध्ये. वाद अर्थातच मागे राहिला. गमतीची गोष्ट अशी की, इब्री अक्षरांना अंकमूल्ये असतात. त्यांच्या हिशेबाने पेला या अर्थाच्या ‘कोस’ शब्दाची बेरीज ८६ येते आणि ‘साजेसा पेला’ या अर्थाच्या शब्दांची १५०. दोन्ही पक्षांना आपापले बिल मंजूर झाल्याचा आनंद!

एकदा हा नाद लागला की स्वयंपाकघरातली कोणतीही वस्तू जागेवर राहत नाही. धाकट्या मापाने हिन ४१४७ मिलिलिटरचा होतो. म्हणजे आपल्या तेलाची लिटरची पिशवी ही जवळजवळ पाव हिन. कोकराच्या होमबलीबरोबर पाव हिन तेल आणि पाव हिन द्राक्षारस अर्पावा असे गणना या पुस्तकात सांगितले आहे. तेव्हापासून आम्ही वाण्याकडून तेल आणतो ते थोड्या आदराने. पाच लिटरचा डबा सव्वा हिनाला किंचित कमी. पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा बुधला एक बथही भरत नाही. बथ जवळजवळ पंचवीस लिटरचा. आमटीचा मोठा चमचा १५ मिलिलिटरचा धरला तर रेविईत पावणेसहा चमच्यांची. आजींच्या मूळ प्रश्नाचे उत्तर एवढेच होते, आणि ते आम्ही त्यांना तिसऱ्या आठवड्यात दिले.

बथाच्या बाबतीत संशोधकांचेही एकमत नाही. पहिल्या शतकातला इतिहासकार जोसेफस बथाला रोमन मापाच्या बहात्तर शेरांबरोबर बसवतो, त्याने तो ३९ लिटरांच्या घरात जातो. आल्ब्राइट या पुरातत्त्वज्ञाने ‘बथ’ असे कोरलेल्या मातीच्या घागरींच्या खापरांवरून हिशेब केला तो सुमारे २२ लिटरांचा. राजा शलमोनाच्या मंदिरापुढच्या पितळी हौदाचे तर बोलायलाच नको. व्यास दहा हात, उंची पाच हात आणि आत पाणी एका पुस्तकात दोन हजार बथ, दुसऱ्यात तीन हजार. हात दीड फुटाचा धरला तर त्या हौदात अडतीस हजार लिटरांहून अधिक पाणी मावत नाही, आणि आल्ब्राइटच्या लहान बथाने दोन हजारांचे चव्वेचाळीस हजार होतात. लेखापरीक्षेत हा आक्षेप आजतागायत निकालात निघालेला नाही. शिवाय तलमुदात असेही आहे की, रानातला सेआ १४४ अंड्यांचा, जेरुसलेमात गेल्यावर तो १७३ च्या आसपास झाला आणि सेफोरिस गावी २०७ च्या. आपल्याकडे एका गावची पायली दुसऱ्या गावी खरी होत नसे, तसेच.

पण या सगळ्या कागदांत एक नोंद अशी निघाली की, ती आजींना सांगावी की नाही याचा आम्ही दोन दिवस विचार केला. यहेज्केल संदेष्ट्याला, जेरुसलेमच्या वेढ्याचे चिन्ह म्हणून, मोजून खायला आणि मोजून प्यायला सांगितले होते. पाणी दिवसाला हिनाचा सहावा हिस्सा. सहावा हिस्सा म्हणजे दोन लोग. आम्ही सवयीने रूपांतर केले. धाकट्या मापाने ६९१ मिलिलिटर. थोरल्या मापाने ११९४.

डॉक्टरांचा आकडा १२०० होता.

आम्ही तो कागद खिशात ठेवला. वेढ्यातल्या माणसाचे पाणी आणि आजींचे पाणी एकच भरावे हे आम्हांला बरे वाटले नाही. पण खिशातले कागद कारकुनाला पचत नाहीत. एके संध्याकाळी ते बोलून गेलो. आजींनी चष्मा काढला, पुसला. “म्हणजे थोरल्या मापानं डॉक्टर आणि यहेज्केल एकच सांगतात,” त्या म्हणाल्या. “आणि धाकट्या मापानं?”

“धाकट्या मापाने तुम्हांला यहेज्केलाहून पाचशे अधिक मिळतात.”

“मग धाकटंच माप खरं,” असे म्हणून त्यांनी चष्मा लावला. त्यात थट्टा किती आणि निर्णय किती हे आम्हांला सांगता येणार नाही.

तरीही रीतसर टिपणी आम्ही केलीच. पेला भरलेला असावा, परंतु त्यातले निम्म्याहून अधिक प्यायले तरी कर्तव्य पुरे होते, असा नियम आहे. तो सापडल्यामुळे काम सोपे झाले. दीडशेचा पेला घेतला तर दर वेळी ७६, चार वेळा ३०४. सासूबाईंचा ९८ चा घेतला तर दर वेळी ५०, चार वेळा २००. फरक सुमारे शंभर मिलिलिटरांचा, म्हणजे एका कपाहून थोडा कमी चहा. सासूबाईंचा पेला नाए यांच्या मापात बसतो आणि त्यावर बारा मिलिलिटर शिल्लक राहतात. टिपणीखाली आम्ही सही केली नाही, कारण अधिकार नव्हता. ताईंनी डॉक्टरांना विचारले; त्यांनी दोनशेला हरकत घेतली नाही, मात्र ते बाराशेतच धरावेत असे बजावले. मुलाला फोनवर कोणी काय सांगितले हे आम्हांला माहीत नाही. बराच वेळ बोलणे चालले होते आणि शेवटी आजी म्हणत होत्या, “तू तुझ्या पेल्यानं पी, मी माझ्या पेल्यानं पिते. दोघंही मिसरातनंच बाहेर पडतोय ना?”

सणाच्या रात्री आम्हांला बोलावणे होते. हुमायून रस्त्यावरच्या प्रार्थनामंदिरात जायचे म्हणजे जिना उतरावा लागतो, आणि ते आजींना झेपत नाही. म्हणून सगळे घरीच. मेजावर पांढरी चादर, बेखमीर भाकरी, कडू पाला, उकडलेली अंडी. त्या अंड्यांकडे पाहून आजींनी आमच्याकडे पाहिले. कथेचे जुने मराठी पुस्तक ताई वाचत होत्या. वल्हांडणाची ही कथा इब्रीबरोबर मराठीत मुंबईस १८४६ साली छापली गेली आणि पुण्यास १८७४ साली. आजींची प्रत त्यामानाने अलीकडची, पण पाने पिवळी पडून कडांना झिजलेली. ते मराठी आम्हांला लहानपणी ऐकलेल्या पोथीच्या मराठीसारखे वाटले. आमचा मुलगा मध्येच प्रश्न विचारू लागला तेव्हा आम्ही त्याला दटावणार होतो, पण आजी म्हणाल्या, “विचारू दे. आजची रात्र लेकरांनी विचारण्याचीच आहे.”

पहिला पेला झाला. आजींनी अर्ध्याहून थोडे अधिक घेतले आणि पेला खाली ठेवला. दुसरा आणि तिसराही तसाच. दर वेळी ताईंची नजर पेल्यातल्या काठावर असे. चौथ्या पेल्याच्या वेळी ताई स्वयंपाकघरात गेल्या होत्या, गॅसवर काही राहिले होते म्हणून. आजींनी पेला उचलला, डोळे मिटले, काही पुटपुटल्या आणि सगळा पेला, तळाच्या मनुकेच्या सालीसकट, पिऊन टाकला. मग तो पालथा करून आमच्यासमोर ठेवला.

ताई बाहेर आल्या आणि शीतकपाटाच्या दाराकडे वळल्या. “आई, दोनशे लिहू ना?”

“लिही,” आजी म्हणाल्या.

हिशेब २४८ चा होता. आम्ही सौ.कडे पाहिले. तिने डोळ्यांनीच आम्हांला गप्प बसवले. घरी परतताना जिन्यात तिने सांगितले की, दुपारी ती सरबत गाळायला मदतीस गेली होती तेव्हा चारचा चहा आजींनी घेतलाच नव्हता. कप भरून कुंडीतल्या तुळशीला घातला, आणि कागदावर मात्र शंभर लिहायला लावले होते.